पाणबुडीची शीळ

मंगळवार, ५ मार्च

ही वही हिनं आणून दिली. ही म्हणजे आमची बायको. म्हणाली, "साडूबद्दल जे काय बोलायचं असेल ते आता यात लिहा. माझे कान किटले." सकाळपासून मी तेच तेच बोलत होतो म्हणे. बरं, लिहितो.

साडूनं पाणबुडी घेतली.

एवढंच घडलंय. वही दुसरं कुणी वाचणार नाही, तरी मला सगळं पहिल्यापासून सांगायची सवय आहे, म्हणून सांगतो. मी जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवतो. नोकरी एका मोठ्या हॉटेलात होती, देखभाल विभागात. तिथली यंत्रं दुरुस्त करता करता नाद लागला. शिकवलं कुणी नाही. उघडत गेलो, बिघडवत गेलो, कळत गेलं. आता मागची खोली भरलीय आणि पुढची भरत आलीय. 'पाणबुडी' हे आम्हा जमवणाऱ्यांनी ठेवलेलं नाव. लांबट अंग, दोन्ही टोकं गोल, खाली घसरायला दोन पट्ट्या. बनवणारी कंपनी कधीच बुडाली, पाणबुड्या मात्र अजून तरंगतायत.

माझ्याकडे एक आहे, हिरवी. पण तिचा रंग मी मारलेला, आणि नळ्या-ब्रश ठेवायचा मूळचा डबा नाही. साडूची निळी. कंपनीतून निघाली त्या रंगाची, डब्यासकट.

आणि हा माणूस या नादाला लागला कधी? निवृत्त झाल्यावर. तोवर नळी कुठल्या तोंडाला लावायची हेही त्याला माहीत नव्हतं. कंपनीची पाटी रिव्हेटनं बसवलीय की स्क्रूनं ते बघा, वायर कापडाची की प्लास्टिकची ते बघा, हे सगळं त्याला मी शिकवलं. आणि पाणबुडी मिळाली कुणाला?

शनिवार, ९ मार्च

बघायला गेलो. जायचं मनात नव्हतं, पण ही बहिणीकडे निघालीच होती, आणि मी घरी राहिलो असतो तर 'जळतात' असा अर्थ निघाला असता.

साडू दारातच उभा. "या दादा, या," इतक्या मोठ्यानं म्हणाला की शेजारच्या गॅलरीतली बाई वाकून बघायला लागली. हल्ली माझ्याशी हा असाच बोलतो, सभेत भाषण केल्यासारखा. चांगलं यंत्र मिळालं की माणसाचा आवाज चढतो, दुसरं काय. आणखी एक खोड लागलीय त्याला. मी कुठंही बसलो की हा येऊन माझ्या डाव्या बाजूला चिकटतो. आज सोफ्यावर डावीकडे जागा नव्हती, तर सोफ्याच्याच हातावर चढून बसला.

"अहो, तो हात मोडेल," मेहुणी म्हणाली.

"मोडू दे," म्हणाला, आणि हलला नाही.

पाणबुडी टेबलावर, खाली घडी घातलेली चादर. मी आधी तिला उलटी केली. पाटीचे रिव्हेट जुनेच, कुणी उचकटलेले नाहीत. स्क्रूच्या डोक्यावर एकच सरळ खाच, त्या काळची. वायर कापडाच्या वेणीची. मग काठाखाली नख फिरवलं, नव्या रंगाचा थर लागतो का बघायला. कारण त्यानं ती घेतलीय रंगाऱ्याकडून. रंगारी म्हणजे बाजाराच्या टोकाचा दुकानदार. जुनी यंत्रं आणतो, आतून बाहेरून झकपक करतो आणि विकतो. त्याच्या दुकानातलं काय मूळचं आणि काय चिकटवलेलं, हे त्यालासुद्धा आठवत नाही. पण नखाला काही लागलं नाही.

मग डबा. आत प्रत्येक ब्रशला त्याच्या मापाचा खळगा, आणि प्रत्येक ब्रश आपापल्या खळग्यात गाढ झोपलेला. हा डबा मी आजवर जुन्या जाहिरातीतच पाहिला होता.

"कशी काय वाटली?" साडू ओरडला.

"बरी आहे."

"चालवून दाखवू? ऐकून सांगा ना. तुमच्या कानानं एकदा पास केली की मी सुटलो."

"आता नको. मंडळात ऐकू."

खरं कारण इथं लिहितो. 'अस्सल आहे' हे शब्द त्याच्या घरात, त्याचा चहा पिता पिता माझ्या तोंडून निघणार नव्हते.

येताना बसमध्ये ही म्हणाली, "माझ्या बहिणीचा गालिचा बघितलात? एक यंत्र ते वापरायला ठेवतात. आपल्याकडे दोन खोल्या भरून यंत्रं आणि मी केरसुणीनं झाडते."

मी म्हटलं, "जपून ठेवलेल्या वस्तू वापरायच्या नसतात."

"हो, बायको सोडून," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

गुरुवार, १४ मार्च

पोस्टमास्तर आले होते. खरोखरचे पोस्टमास्तर, आता निवृत्त, आणि आमच्या मंडळाचे अध्यक्ष. मंडळ म्हणजे आम्ही सात-आठ जण. रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो, यंत्रं आणतो, उघडतो, भांडतो. दार उघडलं तर म्हणाले, "अहो, बेल दाबून दाबून बोट दुखलं." बेलचे सेल परवाच बदललेत. हल्लीच्या मालात दमच नाही. किटलीचंही तेच. शिट्टीची म्हणून नवी आणली, तर पाणी आटून बूड जळलं तरी शिट्टी नाही. ही म्हणते किटली चांगली आहे. चांगली असती तर बूड जळलं असतं का?

पण बातमी मोठी आहे. शहराच्या संग्रहालयात जुन्या घरगुती यंत्रांचं दालन होतंय. त्यांना एक व्हॅक्यूम क्लीनर हवाय, एकच, काचेच्या कपाटात कायमचा ठेवायला. खाली देणाऱ्याच्या नावाची पाटी. मंडळानं पाणबुडी द्यायची ठरवलंय.

"गेल्या महिन्यापर्यंत प्रश्नच नव्हता," पोस्टमास्तर म्हणाले. "तुमचीच जायची. आता दोन झाल्या. रविवारी तुमच्या साडूची ऐका आणि सांगा. मूळची असली तर तीच पाठवू, कारण डबा आहे. नसली तर तुमची."

"मी कसं सांगू? माझीही त्यात आहे."

"तुमच्याशिवाय सांगणार कोण? कान तुमचा."

हे मात्र बरोबर बोलले. पाणबुडीची एक खूण आहे आणि ती मंडळाला मीच दाखवली. मूळच्या मोटरमधल्या पंख्याच्या पात्यांना बारीक भोकं असतात. बटण बंद केलं की पंखा थांबता थांबता त्यातून एक शीळ निघते. उंच, बारीक, केसाएवढी. मोटरचा खर्ज खाली बसतो आणि त्याच्यावर ही एकटी उरते. मोटर बदललेली असली की शीळ नाही. रंगारी कितीही रंग फासो, शीळ फासता येत नाही.

आम्हाला मूलबाळ नाही. आमच्यामागे या दोन खोल्या भंगारात जाणार हे मला माहीत आहे, हिलाही माहीत आहे, आम्ही बोलत नाही. एक यंत्र काचेत राहिलं असतं, खाली आपलं नाव. आणि आता त्या जागी साडूचं नाव? कालपर्यंत नळी उलटी लावणाऱ्याचं?

रविवार, १७ मार्च

निकाल लागला. सगळं नीट लिहितो.

वाचनालयाची वरची खोली. झाडून सगळे आले होते. मंडळातला चष्मेवाला आपलं चष्म्यांचं दुकान बंद करून आला होता. साडूनं पाणबुडी टेबलावर ठेवली आणि नेहमीप्रमाणे माझ्या डावीकडे येऊन उभा राहिला. मी डोळे मिटले. यंत्र ऐकताना मी डोळे मिटतो, मंडळातले त्याची थट्टाही करतात. बटण दाबलं. खर्ज चांगला होता, भरलेला, बेअरिंगचा खडखडाट नाही. मग मी बोट वर केलं आणि त्यानं बटण बंद केलं.

खर्ज उतरला, उतरला, संपला. मी वाट बघत राहिलो.

"पुन्हा," म्हणालो. पुन्हा तेच. "आणखी एकदा." तेच. शीळ नाही.

त्या क्षणी मला काय वाटलं? आनंद झाला. लपवायचं कशाला, वही माझीच आहे. आनंद इतका झाला की तोंड गंभीर ठेवायला कष्ट पडले.

डोळे उघडून म्हणालो, "मोटर बदललेली आहे. शीळ नाही."

चष्मेवाल्यानं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसला, बराच वेळ. पोस्टमास्तर साडूकडे बघत होते. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलंही, पण साडूनं हात जरासा वर केला आणि ते थांबले.

साडू माझ्याकडे बघत होता. राग नव्हता त्यात. काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. मग म्हणाला, "दादा म्हणतात म्हणजे बदललेलीच असणार." आणि वायर गुंडाळायला लागला. वायर मात्र सुरेख गुंडाळतो, तेही मीच शिकवलंय.

चहा आला तो तसाच निवला. सगळे लवकर पांगले. मी म्हणतो, माणसाला सत्य ऐकवलं की खोली अशीच गप्प होते. माझा शब्द अजून चालतो एवढं मात्र आज सिद्ध झालं.

सोमवार, १८ मार्च

ही बोलत नाही. सकाळी तिच्या बहिणीचा फोन आला होता. आत जाऊन, दार लोटून बोलली. बाहेर आल्यावर एवढंच, "तुमची अगदी खात्री होती?"

"तीनदा ऐकली."

"कान दाखवून या एकदा."

घ्या. बहिणीच्या नवऱ्याची मोटर नकली निघाली तर माझे कान दाखवायचे. मी उठून गॅलरीत जाऊन बसलो. यंदा चिमण्यासुद्धा गप्प आहेत.

बुधवार, २० मार्च

आज जे झालं त्यानं मी चक्रावलो आहे.

साडू आला. हातात तो डबा. नळ्या, ब्रश, सगळं आपापल्या खळग्यात. टेबलावर ठेवून म्हणाला, "हा तुमच्या हिरवीला. माझी तर अशी निघाली. निदान तुमची तरी पूर्ण होऊन जाऊ दे काचेत."

मी म्हटलं, "अहो, राहू द्या."

"नाही, ठेवा. डबा मूळचा आहे ना? त्यात तर शंका नाही?"

"डब्यात नाही."

"मग झालं."

मी 'राहू द्या' एकदाच म्हणालो. दोनदा म्हणालो असतो तर कदाचित त्यानं परत नेला असता.

तो गेल्यावर वाटलं, हाही एक डावच. हरला तो, आणि मोठा झाला तोच. उद्या मंडळात सगळे म्हणतील, बघा, डबासुद्धा देऊन टाकला. मला हे कधी सुचलं असतं? त्याच्या यंत्राचा हेवा वाटत होता तोवर ठीक होतं. आता त्याच्या देण्याचाही वाटायला लागला तर मी करायचं काय?

पण ब्रश सुंदर आहेत. घोड्याच्या केसांचे. एक अजून वापरलेलाच नाही.

शनिवार, २३ मार्च

हिरवी खाली काढली. संग्रहालयात द्यायची म्हणजे एकदा पुसून, चालवून बघायला हवी. वायर जुनी आहे म्हणून मी तिला एरवी चालवत नाही, वर्षाकाठी एकदा, तेवढंच. मागच्या वेळी चालवली तेव्हा शीळ होती. थोडी दबलेली वाटली होती, पण होती.

आज नाही.

पुन्हा पुन्हा चालवली. दार लावून चालवली, खिडकी लावून चालवली. खर्ज उतरतो आणि संपतो. शीळ नाही.

माझी मोटर कुणीतरी बदलली आहे.

कोण? रंगारी असू शकतो. गेल्या वर्षी पट्टीचा रबर बसवायला त्याच्याकडे दिली होती. किंवा, लिहू का नको? लिहितो. गेल्या हिवाळ्यात आम्ही चार दिवस बाहेर होतो तेव्हा घराची किल्ली मेहुणीकडे होती. म्हणजे साडूकडे होती. माझी मूळची मोटर काढून घेतली असेल, आणि आता लाज वाटून डबा आणून दिला असेल. तरीच त्या दिवशी असा बघत होता. तरीच एक शब्द बोलला नाही.

सगळं जुळतंय. उद्या उघडून बघतो.

रविवार, २४ मार्च

माझी एक पद्धत आहे. यंत्र उघडून बंद केलं की बुडाच्या स्क्रूवर हिच्या जुन्या नखपॉलिशचा एक थेंब सोडतो, लाल. कुणी स्क्रू फिरवला की थेंब फुटतो. दुकानात दुरुस्तीला टाकल्यावर कोण आत शिरलं, कोण नाही, लगेच कळतं.

सकाळी भिंग घेऊन बसलो. चारही थेंब शाबूत. एकालाही तडा नाही.

तरी उघडलं. मोटर माझीच. आकडा तोच, बाजूला माझ्याच पान्याचा जुना ओरखडा. पंखा बाहेर काढून उजेडात धरला. पात्यांची भोकं मोकळी, आरपार उजेड दिसत होता. मी फुंकर मारून साफ केली, पुन्हा बसवलं, चालवलं, बंद केलं.

काही नाही.

पंखा तोच आहे. भोकं तीच आहेत. मग शीळ गेली कुठं?

ही स्वयंपाकघरात होती. तिला हाक मारली. केरसुणी हातात घेऊनच आली.

"इथं उभी राहा. आता बंद करतो, ऐक. शीळ वाजते का सांग."

बंद केलं.

"वाजतेय की."

"आता?"

"वाजतेय. कानात सुई घातल्यासारखी. नेहमीच वाजते ही मेली."

"आता पण?"

"आता बारीक झाली... थांबली."

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ही खोटं बोलते तेव्हा काहीतरी पुसायला घेते. हातात केरसुणी होती, ती तशीच होती.

मी उठून आत गेलो आणि किटली गॅसवर ठेवली. समोर उभा राहिलो. थोड्या वेळानं तोंडातून वाफेची सरळ रेघ निघाली, जोरात, भिंतीपर्यंत. मी बघत राहिलो. ही दारात येऊन उभी राहिली होती. पुढं होऊन तिनं गॅस बंद केला.

सोमवार, २५ मार्च

गॅलरीत बसलो. चिमण्या होत्या. चोची हलत होत्या.

बुधवार, २७ मार्च

दोन दिवस हिशेब लावतो आहे. साडूचं मोठ्यानं बोलणं. बेल. सोफ्याच्या हातावर चढून बसणं. आज सकाळी फोन एकदा उजव्या कानाला लावून बघितला, एकदा डाव्या. डाव्यानं बरं ऐकू येतं.

डबा घेऊन गेलो. एकटाच. साडूनंच दार उघडलं. "या दादा," तसाच ओरडला. आज मला ते छान ऐकू आलं.

मेहुणी बाहेर गेली होती. निळी पाणबुडी टेबलावर नव्हती, कपाटाखाली ढकललेली होती, वर जुना टॉवेल. तो टॉवेल बघून मला कसंतरीच झालं. मी सोफ्यावर बसलो आणि उजवीकडे सरकलो, डावीकडे त्याला जागा राहील इतका. तो बघत राहिला. मग येऊन बसला.

"त्या दिवशी," मी म्हटलं, "शीळ वाजली होती का?"

तो टेबलाकडे बघायला लागला.

"साडूभाऊ, खरं सांगा."

"वाजली होती."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

"तुम्हाला ऐकू आली?"

"सगळ्यांनाच आली, दादा."

मग म्हटलं, "तुम्ही एक शब्द का बोलला नाहीत? पोस्टमास्तर बोलत होते, त्यांनाही थांबवलंत."

त्यानं मान खाजवली. "काय बोलणार होतो? सगळ्यांच्या देखत दादांचा कान गेला म्हणायचं, की माझी मोटर गेली म्हणायचं. मोटर सोपी वाटली."

"पण पाणबुडी तुमची काचेत जायची होती."

"हो. वाईट वाटलं थोडं. दोन दिवस हिच्याशी धड बोललो नाही." मग हसला. "पण मी या नादाला लागलो कशामुळे? तुम्ही डोळे मिटून ऐकता ना, ते बघून. लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याकडे आलो होतो तेव्हा तुम्ही असे बसला होतात, मांडीवर एक मोटर घेऊन. मला वाटलं, या माणसाला जे ऐकू येतं ते आपल्याला कधी येणार? निवृत्त होईपर्यंत वेळ मिळाला नाही."

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे माझ्याआधी यालाच हेवा वाटत होता, माझा, इतकी वर्षं. आणि त्यानं त्याचं काय केलं? यंत्रं जमवली. मी काय केलं ते या वहीत आहे.

डबा त्याच्यापुढं ठेवला. तो म्हणाला, "राहू द्या." मी वाट बघितली. तो दुसऱ्यांदा 'राहू द्या' म्हणाला. हा माणूस असा आहे.

"दोनदा म्हणालात, आता तिसऱ्यांदा म्हणू नका," मी म्हटलं आणि कपाटाखालची पाणबुडी ओढून तिच्यावरचा टॉवेल काढला.

रविवार, ७ एप्रिल

मंडळात सांगितलं. उभा राहून सांगायचं ठरवलं होतं, पण बसूनच सांगितलं. मोटर मूळची आहे, शीळ वाजते, मला ऐकू येत नाही. चष्मेवाल्यानं चष्मा काढलाच होता, तो पुन्हा घातला.

"मग काय बिघडलं?" म्हणाला. "मला तुम्ही सगळे चष्म्याशिवाय पाव दिसता, तरी मी येतोच ना?"

पोस्टमास्तर म्हणाले, "आता बेल दोनदाच वाजवीन. मग सरळ खिडकीवर खडा मारीन."

हसलो सगळे. मीही हसलो. पण लिहायचं ते लिहितो: हसताना ते एकमेकांकडे जसे बघत होते तसं मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. यापुढं यंत्र ऐकायला कुणाला बसवायचं ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर नाव साडूचंच निघालं असतं, मला माहीत आहे, आणि ते मला सोसलं नसतं. हेवा गेलेला नाही. फक्त पाणबुडीवरून उठून त्याच्या कानांवर जाऊन बसलाय. सकाळी तो चहा पिताना मी त्याच्या कानांकडे बघत होतो. साधे कान आहेत, थोडे बाहेर आलेले. त्यात एवढं काय आहे असं वाटत होतं.

हिनं डॉक्टरकडची वेळ घेतलीय. जाईन म्हणालो. हिरवी पाणबुडी मी हिला दिली, वापरायला. आधी विश्वास बसला नाही तिचा. मग सगळं घर दोनदा साफ केलं, शेवटी केरसुणीवरसुद्धा नळी फिरवली. बंद करते तेव्हा एका हातानं कान झाकून घेते, आणि मी ते बघतो.

निळी उद्या जाणार. काचेत गेली की तिला कुणी चालवणार नाही, तसा त्यांचा नियम आहे. म्हणजे तिथं तिच्यापुढं सगळे सारखेच, कान असलेले आणि नसलेले. हे मी साडूला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मग आज एकदा लावू या."

मंडळी गेली होती. वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही दोघंच. त्यानं पाणबुडी टेबलावर ठेवली, वायर सोडली, माझ्या डावीकडे येऊन उभा राहिला. मी सवयीनं डोळे मिटले.

"दादा, आज डोळे उघडे ठेवा," तो म्हणाला. "माझ्या बोटाकडे बघा. शीळ वाजेल तोवर वर ठेवतो."

बटण दाबलं. खर्ज भरला. मी तळहात टेबलावर ठेवला होता, लाकडातून तो हातात येत होता. मग त्यानं बंद केलं. खर्ज उतरला, हाताखालचं टेबल शांत झालं, माझ्या बाजूनं सगळं संपलं.

बोट वरच होतं.

मी त्याच्याकडे बघत होतो. तो बोटाकडे बघत नव्हता, मान थोडी कलती, डोळे मिटलेले, अगदी मी बसायचो तसा. बोट हळूहळू वाकायला लागलं, मग पुन्हा जरा सरळ झालं, जसं काही ती शीळ एकदा मागं वळून बघत होती. ते खाली यायला बराच वेळ लागला.